चकतीचं टोपडं

खिडकीतलं मला कळतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, वस्तुस्थिती म्हणून सांगतो. काही लोकांना गाण्यातलं कळतं, काहींना शेअर बाजारातलं, तसं मला खिडकीतलं. कुणाच्या घरी गेलो की यजमान पाणी आणेपर्यंत माझं काचेवर टिचकी मारून, चौकटीवरून बोट फिरवून आणि मान हलवून झालेलं असतं. त्यामुळे काही घरांत मला दुसऱ्यांदा बोलावत नाहीत, पण तो त्यांचा प्रश्न आहे.

माझा पेशाच तो आहे. आमच्या ऑफिसात इमारतींची एनर्जी मॉडेलं बनवतात. म्हणजे काय, तर एखादी इमारत कॉम्प्युटरमध्ये जशीच्या तशी उभी करायची आणि तिला वर्षभराचं ऊन, वारा, थंडी दाखवायची. ती कॉम्प्युटरमध्येच तापते, कॉम्प्युटरमध्येच गारठते आणि शेवटी सांगते, की मला ऊबदार ठेवायला इतकी इतकी वीज लागेल. खरी इमारत तेवढीच वीज खाते का, हे बघायला सहसा कुणी जात नाही. एवढा परस्परविश्वास दुसऱ्या कुठल्या धंद्यात उरलेला मी पाहिलेला नाही.

या मॉडेलात सगळ्यात नाठाळ गोष्ट म्हणजे खिडकी. भिंत स्वभावानं गरीब असते. एक आकडा दिला की गप्प बसते. खिडकीचं तसं नाही. तिच्यातून ऊन किती आत येतं याचा एक आकडा, फटीतून वारा किती येतो याचा दुसरा आणि घरातली ऊब किती बाहेर गळते याचा तिसरा. या तिसऱ्याला आम्ही लोक यू-आकडा म्हणतो. तो जितका कमी, तितकी खिडकी चांगली. सोप्या भाषेत सांगायचं तर यू-आकडा म्हणजे पोटात गोष्ट किती राहते त्याचं माप. माझ्या बायकोचा यू-आकडा जवळजवळ शून्य. माझ्या आत्याचा मोजायला अजून यंत्र निघालेलं नाही.

आत्या आमच्याकडेच असते. लग्न केलं नाही, आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली आणि निवृत्तीनंतर तिनं आमच्या घरातल्या उत्तरेकडच्या खोलीत, खिडकीपाशी, वेताच्या खुर्चीत स्वतःचं एक्स्चेंज उघडलं. खिडकीतून इमारतीचं फाटक, समोरचा रस्ता, न्हाव्याचं दुकान आणि कोपऱ्यावरचा बसथांबा असा सगळा मुलूख दिसतो. कोण कधी आलं, कुणाबरोबर आलं, जाताना तोंड कसं होतं, सगळं तिच्याकडे मिळतं. पोस्टमन वर न चढता खालूनच ओरडून विचारतो, "आत्या, तिसऱ्या मजल्यावरचे आहेत का?" आणि आत्या सांगते, "आहेत, पण दार उघडणार नाहीत. दाराबाहेरचे पाहुणे जायची वाट बघतायत."

हे सगळं चालू असताना तिचे हात विणत असतात. आमच्या घरात विणलेलं आवरण नाही अशी वस्तू नाही. चहाच्या किटलीला टोपी, रिमोटला पिशवी, दाराच्या मुठींना मोजे, गॅसच्या सिलिंडरला झगा! एकदा मी आजारी पडून आठवडाभर झोपलो होतो, तर उठलो तेव्हा माझ्या थर्मामीटरला म्यान होतं.

तर, झालं असं की नगरपालिकेनं नवा नियम काढला. ज्या जुन्या इमारतींच्या खिडक्यांचा यू-आकडा दोनच्या वर असेल, त्यांनी प्रत्येक खिडकीचा खालचा अर्धा भाग ऊबरोधक पॅनेल लावून बंद करायचा. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना हा नियम फार आवडला. ते निवृत्त नेपथ्यकार. आयुष्यभर नाटकांना पुठ्ठ्याच्या भिंती उभारल्या. त्यामुळे कुठेही उघडं दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. पॅनेलचा नमुना काखेत मारून ते जिन्यात भेटेल त्याला अडवू लागले.

"रंग बघा, रंग! ढगाळ करडा. कुठल्याही खोलीत शोभेल."

"सेक्रेटरीसाहेब, अजून आपल्या खिडक्या नापास कुठे झाल्यात?"

"होतील हो! माझा पूर्ण विश्वास आहे त्यांच्यावर."

मग इमारतीची सभा भरली. कुणीतरी म्हणालं, एकेरी काचेचा आकडा पुस्तकात छापलेला असतो, तो साडेपाचाच्या पुढे आहे, तोच लिहून टाका आणि पॅनेल लावून मोकळे व्हा. दुसरं कुणीतरी म्हणालं, आपली काच साधी नाही, इमारत बांधणाऱ्यानं तेव्हा सांगितलं होतं की ही खास काच आहे. तिसरं म्हणालं, त्यानं लिफ्टसुद्धा आहे म्हणून सांगितलं होतं. आवाज वाढला. आणि त्या गदारोळात मी उभा राहिलो.

"मंडळी," मी म्हणालो, "पुस्तकातला आकडा हा पुस्तकातल्या खिडकीचा असतो! आपल्या खिडकीचा आकडा आपल्याच खिडकीला विचारला पाहिजे. मी स्वतः मोजीन. आणि मोजलेला आकडा निघाला की मग पुस्तक मिटायचं!"

टाळ्या पडल्या. मला आयुष्यात इतक्या टाळ्या पूर्वी एकदाच मिळाल्या होत्या, त्याही माझं भाषण संपलं तेव्हा. सेक्रेटरींनी ते वाक्य इतिवृत्तात उतरवून घेतलं आणि शिवाय पाठही करून टाकलं. नाटकातला माणूस.

घरी आलो तर आत्या खुर्चीत ताठ बसलेली. सभेत काय झालं हे मी जिना चढेपर्यंत तिला कळलेलं होतं.

"अर्धी खिडकी बुजवणार म्हणे?"

"नापास झाली तर, आत्या. फक्त खालची अर्धी."

"मी बसते ती खालच्याच अर्ध्यात. वरच्या अर्ध्यात काय दिसतं ते बघून घे जरा. ये, बस इथे."

मी खुर्चीत बसून बघितलं. वरच्या अर्ध्यात आकाश होतं आणि समोरच्या गच्चीवरची एक पाण्याची टाकी.

"टाकी कुठे जात नाही, येत नाही," आत्या म्हणाली. "तिच्याबद्दल मी कुणाला काय सांगू?"

"उंच खुर्ची करून घेऊ."

"या गुडघ्यांनी मी स्टुलावर चढून बसू? पोपट आहे का मी?" मग थोडा आवाज खाली आणून म्हणाली, "तू मोजणार आहेस ना? मग काय ते बघ की नीट."

"आत्या, विज्ञान कुणाची बाजू घेत नसतं."

"म्हणजे तू माझ्या बाजूचा नाहीस. एवढंच सांगायचं होतं, तर विज्ञानाला कशाला मध्ये घातलंस?"

बायको दारातून हे ऐकत होती. ती काहीच बोलली नाही. शून्य म्हटलं ना मी मघाशी.

आता मोजणीचं सांगतो. सगळ्या इमारतीत खिडक्या एकसारख्या. मोजायला त्यातली उत्तरेकडची उत्तम, कारण तिच्यावर थेट ऊन पडत नाही आणि आकड्यात लुडबूड करत नाही. म्हणजे नेमकी आत्याचीच! काचेला आतून एक चकती चिकटवायची. चांगली बिस्किटाएवढी असते. तिच्यातून किती ऊब वाहून जाते ते ती तारेवाटे सांगते. एक थर्मामीटर आत, एक बाहेर. खोली एकसारखी गरम ठेवायची, बाहेरची थंडी आपोआप असतेच, आणि तीन दिवस खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही. माणूस म्हणजे चालतीबोलती शेगडी. जवळ बसला की आकडा बिघडला.

ऑफिसातून मी चकती घरी आणली. ऑफिसात अशी एकच आहे आणि साहेब तिला लॉकरमध्ये ठेवतात. चिकटवली, तारा ओढल्या, लॅपटॉप बैठकीच्या खोलीत मांडला. राहता राहिला प्रश्न खोली गरम ठेवायचा. घरात हीटर एकच. तो मी त्या खोलीत लावला आणि दार ओढून घेतलं.

"खोलीत कोण आहे?" बायकोनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग हीटर कुणाला?"

"खिडकीला."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. लग्नाला किती वर्षं झाली याचा मनातल्या मनात हिशेब चाललेला असताना माणूस बघतो, तसं. मग कपाटातून दुसरा स्वेटर काढून तो पहिल्यावर चढवला.

आत्याची रवानगी स्वयंपाकघरात झाली. तिथल्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. आत्यानं पहिल्या सकाळी त्या भिंतीचा सगळा इतिहास गोळा केला, दुपारपर्यंत तो आम्हांला सांगून झाला आणि संध्याकाळी तिच्याकडे काही उरलं नाही. मग ती घरभर फिरू लागली. माझ्या ताटात डोकावून म्हणाली, "आज कमी जेवलास." बायकोला म्हणाली, "तू न्हाणीघरात फार वेळ होतीस." रस्त्यावर जायची ती सगळी नजर आता आमच्या दोघांवर रोखलेली होती. दुसऱ्या दिवशी बायको मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "काहीही करा, पण यांना खिडकी मिळालीच पाहिजे. मी अशी नाही राहू शकत."

इकडे इमारतीची घडी विस्कटली. पार्सलवाला तीन मजले चढून चुकीच्या घरात पार्सल देऊन गेला आणि त्या घरानं ते उघडलंसुद्धा. फाटकासमोर एक टेंपो दिवसभर आडवा उभा राहिला, कारण ओरडायला वर कुणी नव्हतं. पोस्टमननं तर खालून विचारलं, "आत्या बऱ्या आहेत ना हो?" आणि मी वरून सांगितलं, "त्यांच्या खोलीत मोजणी चालू आहे." त्याचा काय समज झाला कोण जाणे. त्यानं टोपी काढली.

या सगळ्यात एकदा, मी ऑफिसातून परतलो तेव्हा, आत्या खोलीच्या दारातून बाहेर येताना दिसली.

"आत्या! आत गेली होतीस?"

"हात शेकायला गेले होते रे. क्षणभर. खिडकीला हीटर आणि म्हातारीला शाल, हा कुठला न्याय?"

"कशाला हात तर नाही ना लावलास?"

"तुझ्या खिडकीचं मी काय वाईट करणार आहे?"

हे उत्तर नव्हतं, हे मला आज कळतंय. तेव्हा मी लॅपटॉपकडे धावलो. आलेख जरासा हलला होता आणि मग छान सरळ झाला होता. पहिल्यापेक्षाही छान. पहिला भाग मी चकती अजून स्थिरावत होती म्हणून कापून टाकला. आमच्यात तसं करतात.

तिसऱ्या दिवशी आकडा आला. एक पूर्णांक सात!

मी चष्मा पुसला. परत गणित केलं. एक पूर्णांक सात. एकेरी काचेच्या, चौकटीतून शीळ वाजवणाऱ्या, चाळीस वर्षं जुन्या खिडकीचा यू-आकडा एक पूर्णांक सात! एवढा आकडा यायला दुहेरी काच लागते, मध्ये खास वायू भरलेला लागतो, काचेवर न दिसणारा मुलामा लागतो. म्हणजे ती दंतकथा खरी होती तर. काच खास होती! इतकी वर्षं आम्ही जगातल्या एका थोर खिडकीशेजारी राहत होतो आणि तिला वर्तमानपत्रानं पुसत होतो.

"ऐकलंस का? आपली खिडकी अप्रतिम आहे!"

बायको तिसरा स्वेटर चढवत होती. "त्या खिडकीपाशी पातेलं ठेवलं तर मला फ्रीज बंद करता येतो," ती म्हणाली.

"तो तुझा अनुभव झाला. ही मोजणी आहे."

खोलीत जाऊन बघतो तर चकती काढलेली, तारांची सुबक गुंडाळी केलेली, काच लख्ख पुसलेली आणि आत्या आपल्या खुर्चीत.

"मोजून झालं म्हणालास ना? मीच आवरून ठेवलं. आता या खोलीत कुणी यायचं नाही, असं मी सांगते!"

मी आकडा मॉडेलात भरला. आणि मॉडेलाची गंमत अशी, की एका खिडकीचा आकडा भरला की तो सगळ्या खिडक्यांना लागू होतो. अशा प्रकारे आमची सगळी इमारत एका क्षणात ऊबदार झाली. कॉम्प्युटरमधली इमारत तर इतकी खूश झाली, की जानेवारीतसुद्धा हीटर मागेना. मी अहवाल नगरपालिकेला पाठवून दिला. सभेत पुन्हा टाळ्या. सेक्रेटरी तेवढे पॅनेल मांडीवर घेऊन, एखाद्याचं ठरलेलं लग्न मोडावं तसे बसून होते. आत्या सभेला आली नव्हती. तिनं वरून, खिडकीतूनच, हात हलवून अभिनंदन स्वीकारलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. चकती कुठाय? मी आत्याकडे मागितली. तिनं कपाट उघडलं, विणकामाची पेटी काढली आणि माझ्या हातात एक गुबगुबीत गुलाबी वस्तू ठेवली.

"हे काय?"

"तुझी चकती. असू दे, टोपड्यासकटच ने. दोन दिवस घालून होती, सवय झाली असेल."

मी टोपडं हातात धरून उभा राहिलो. दुपदरी वीण, जाडजूड लोकर, कडेला नाडी ओवलेली. तान्ह्या बाळाचं असतं तसं.

"दोन दिवस... काचेवर असताना घातलं होतंस?"

"मग? सगळी खोली ऊबदार आणि ही एकटी काचेला चिकटून गारठलेली. बोट लावून बघितलं तर बर्फ! म्हटलं, एवढं महत्त्वाचं काम करतेय, सर्दी झाली म्हणजे?"

आता ज्यांना या विषयाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. चकतीला टोपडं घातलं की तिच्यातून ऊब जायची थांबते. मग ती प्रामाणिकपणे सांगते, की इथून फारसं काही गळत नाही. म्हणजे मी तीन दिवस हीटर जाळून, घर गारठवून, म्हातारीला बेघर करून अत्यंत काटेकोरपणे मोजला होता तो माझ्या आत्याच्या टोपड्याचा यू-आकडा!

मी मटकन खुर्चीत बसलो. आत्याच्या खुर्चीत. तिनं उठवलंसुद्धा नाही, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल याची कल्पना यावी. मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती विणकाम थांबवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे खरं सांगितलंस तर माझी खिडकी जाणार."

"हो."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"आत्या, माझी नोकरी आहे. उद्या कुणी परत मोजलं तर..."

ती खिडकीतून खाली बघत म्हणाली, "सांग मग. मी तुला लबाडी कर म्हणणार नाही." आणि मग, त्याच आवाजात, "न्हाव्यानं आज दुकान उशिरा उघडलं. बायको माहेरी गेलेली दिसते." असं म्हणून ती पुन्हा विणायला लागली, पण टाके चुकत होते. मी पाहिलं.

परत मोजणारं कुणी शोधावं लागलं नाही. आकडा इतका चांगला होता, की नगरपालिकेनं आपणहून तपासनीस बाई पाठवल्या. वयानं तरुण, केस घट्ट बांधलेले, हातात स्वतःची चकती. हसू येईल अशी जागाच चेहऱ्यावर ठेवलेली नव्हती. मागोमाग सेक्रेटरी, काखेत पॅनेल. त्यांच्या चेहऱ्यावर आशा पुन्हा उगवलेली.

मी मन घट्ट केलं. "मॅडम, माझ्या मोजणीत चूक झालीय. आकडा खिडकीचा नाही."

"मग कशाचा?"

"टोपड्याचा."

त्यांनी पेन काढलं. "मोजणीच्या वेळी खिडकी कुठल्या अवस्थेत होती, ते सविस्तर सांगा."

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "गुलाबी होतं. दुपदरी. दोन उलट दोन सुलट. लोकर मऊवाली, टोचणारी नव्हे."

बाईंनी सगळं लिहून घेतलं. "ते टोपडं उपलब्ध आहे?"

आत्यानं दिलं. बाईंनी आपली चकती काचेवर चिकटवली, तिला टोपडं घातलं, नाडीची गाठ मारली, हीटर लावला, आम्हां सगळ्यांना बाहेर काढलं आणि दाराला सील ठोकलं!

पुन्हा तीन दिवस. पुन्हा आत्या स्वयंपाकघरात. पुन्हा आमच्या ताटांवर नजर. मी ऑफिसात राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवत होतो आणि त्यात "टोपडं" हा शब्द कुठे बसवावा ते सुचत नव्हतं.

सील उघडलं. बाईंनी गणित केलं. सेक्रेटरींनी पॅनेलवरची धूळ फुंकली. आत्या दाराच्या मुठीवरचा मोजा धरून उभी.

"एक पूर्णांक सात," बाई म्हणाल्या. "तुमचा आकडा बरोबर आहे. पास."

"अहो मॅडम, पण तो खिडकीचा नाही!" मी ओरडलोच.

"खिडकीचा टोपड्याशिवायचा आकडा तुम्ही मोजलाय?"

"नाही. पण एकेरी काच आहे. पुस्तकात साफ लिहिलंय..."

मागून सेक्रेटरींचा भरदार आवाज आला. "पुस्तकातला आकडा हा पुस्तकातल्या खिडकीचा असतो!" पाठ केलेलं वाक्य जिभेवर आलं की ते त्यांना आवरत नाही. कुणाच्या बाजूचं आहे हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा वाक्य संपलेलं होतं. बाईंनी मान डोलावली.

"बरोबर आहे. मोजलेला आकडा असताना पुस्तकाचा घेता येत नाही. तसा नियमच आहे. आणि आकडा दुसऱ्यांदा तोच येतो का, एवढंच बघायला मला पाठवलंय. तो आला."

"पण मॅडम, इतर खिडक्यांना टोपडं कुठाय?"

बाई थांबल्या. मला वाटलं, सुटलो एकदाचा. सेक्रेटरींनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी पॅनेल पुढे केलं.

"हा मुद्दा योग्य आहे," त्या म्हणाल्या आणि लिहू लागल्या. "अट. मोजणीच्या वेळी खिडकी ज्या अवस्थेत होती त्याच अवस्थेत इमारतीतल्या सर्व खिडक्या कायम ठेवाव्यात. प्रत्येक काचेवर, डाव्या बाजूला, खाली, एक टोपडं. लोकर आणि वीण वरीलप्रमाणे." मग आत्याकडे वळून, पहिल्यांदाच जरा मऊ आवाजात, "दोन उलट दोन सुलट, असंच म्हणालात ना?"

"हो गं बाई. आणि कडेला नाडी."

असं सगळं झालं. आता आमच्या इमारतीत या, प्रत्येक खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात काचेला चिकटवलेलं एक गुलाबी टोपडं दिसेल. आत चकती नसते, नुसतंच टोपडं. बाहेरून बघणाऱ्यांना वाटतं, इमारतीत बाळंतपणं फार. आत्याच्या खोलीत दर दुपारी विणकामाचा वर्ग भरतो. सगळ्यात सफाईदार हात सेक्रेटरींचा आहे. पण ते करड्या लोकरीचा हट्ट धरतात आणि आत्या दर वेळी उसवायला लावते. त्यांचं पॅनेल आता तिच्या खुर्चीखाली असतं. खुर्ची जरा वर यायला. उंची अगदी बेताची आहे; फाटक पूर्वीपेक्षा चांगलं दिसतं म्हणते.

माझी नोकरी शाबूत आहे. उलट साहेबांनी चकतीसोबत एक टोपडंही लॉकरमध्ये ठेवून घेतलं आणि मला विचारलं, "अजून काही होतील का?"

थंडीचं म्हणाल, तर ती आहे तशीच आहे. चौकटीतून वारा तसाच शीळ घालतो. परवा बायको म्हणाली, "आणखी एक हीटर आणू या." मी तिला मॉडेल उघडून दाखवलं आणि समजावलं, की आकड्यांप्रमाणे आपल्याला थंडी वाजत नाही.

"मग तुम्ही त्या मॉडेलातच झोपत जा," ती म्हणाली.

आत्यानं खिडकीतून मान वळवून माझ्याकडे बघितलं, टेप आणली आणि माझ्या डोक्याचं माप घेतलं. दुसऱ्या दिवशी टोपडं तयार! गुलाबी, दुपदरी, नाडीसकट. हे लिहिताना तेच घालून बसलोय. आणि शास्त्रीयदृष्ट्या नमूद करण्यासारखी गोष्ट अशी, की ते घातल्यापासून माझ्या डोक्यातून काहीही बाहेर पडत नाही.

बायको म्हणते, आधीही फारसं पडत नव्हतं.